कमी पळालेली जुनी बाइक थंड देशात घ्यावी का?

मंदार (ब्रॅम्प्टन): कॅनडातल्या ओंटारिओत बर्फ वितळू लागला की बाइक विक्रीच्या जाहिरातींना ऊत येतो, आणि आपली पोरं फक्त किलोमीटर बघून भुलतात. ओळखीच्या एका मुलाने दोन जाहिराती पाठवल्यात. एक २००१ ची सुझुकी एसव्ही ६५०, ९,००० किमी. दुसरी २०१४ ची व्ही-स्ट्रॉम ६५०, ५२,००० किमी. त्याचा जीव पहिलीवर जडलाय. माझ्या मते त्याने दुसरी घ्यावी.

एसव्हीला २००२ पर्यंत कार्ब्युरेटर (इंजिनला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारे जुने भाग) होते. इथे बाइक वर्षातले पाच-सहा महिने उभीच असते, आणि असे वीसहून जास्त हिवाळे या गाडीने काढलेत. इथेनॉलवालं पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये तसंच राहिलं की उडून जातं आणि मागे चिकट थर उरतो. पायलट जेट म्हणजे त्यातली पेट्रोल सोडणारी बारीक नळी, तिचं भोक केसाएवढं, ते आधी बुजतं. मग गाडी चोक ओढला की चालते, चोक आत ढकलला की बंद. अर्धी रिकामी टाकी आतून घामेजते आणि गंजते. फोर्कची सीलं, इनटेकचं रबर, ब्रेकचे होज वयानेच कडक होतात, गाडी पळो न पळो.

केतकी: पूर्ण असहमत. तुम्ही सांगितलेलं सगळं बदलता येतं. टायर, बॅटरी, ब्रेक ऑइल, सीलं, जेट. ५२,००० किमी पळालेल्या गाडीचा क्लच, मागचा शॉक, हँडलचे बेअरिंग झिजलेले असतात, त्याचा खर्च कुणी धरत नाही. शिवाय ती एप्रिलमध्ये रस्त्यावर मीठ असतानाही पळाली असणार. मिठाने ॲल्युमिनियमवर पांढरे फोड येतात, बोल्ट असे धरतात की सोडवताना तुटतात. गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीने मीठ पाहिलेलंच नसतं.

मंदार: मिठाचं मान्य. पण ‘बदलता येतं’ म्हणताना मजुरी धरा. एसव्हीच्या दोन सिलिंडरच्या (व्ही-ट्विन) इंजिनचे दोन्ही कार्ब्युरेटर काढून साफ करून पुन्हा जुळवायला इथला मेकॅनिक तासावर पैसे घेतो. त्यात टायरची जोडी आणि सीलं मिळवली की स्वस्त गाडी स्वस्त राहत नाही.

शैलेश (मिनिआपोलिस): वाद किलोमीटरचा नाही, मालकाने हिवाळ्यात काय केलं याचा आहे. टाकी काठोकाठ भरून स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं औषध) टाकला होता का? बॅटरी मेंटेनरवर (ती भरलेली ठेवणाऱ्या छोट्या चार्जरवर) होती का? उतरलेली बॅटरी शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठते आणि तिची पेटी तडकते. पावत्या मागा.

बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा, गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर इंजिनला हात लावून बघा, गार हवं, तरच गार गाडी कशी सुरू होते ते कळेल. टायरच्या बाजूवर डॉट (DOT) कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, टायर कधी बनला ते कळतं. १४१६ म्हणजे २०१६ चा चौदावा आठवडा. ९,००० किमीच्या गाडीवर बऱ्याचदा कंपनीचेच पहिले टायर असतात. नक्षी नव्यासारखी, पण रबर दगड, ओल्या वळणावर पकड सोडणार. एअर फिल्टरचा डबा उघडायला लावा, उंदीर तिथेच घरटं करतात. ब्रेक ऑइलच्या काचेत काळपट चहाचा रंग दिसला तर दोन-दोन वर्षांनी बदलायचं ते बदललेलं नाही.

ऋतुजा: मी एम१ वर (इथलं बाइकचं शिकाऊ लायसन्स) आहे, पहिलीच बाइक. सेफ्टी सर्टिफिकेटसह गाडी घेतली तर ही काळजी मिटेल ना?

शैलेश: नाही. त्यात ब्रेक, दिवे, टायर, स्टिअरिंग बघतात. कार्ब्युरेटर किती तुंबलाय हे त्यांचं काम नाही. नवशिक्याने २०१० नंतरची, इंजेक्शनवाली (म्हणजे कार्ब्युरेटर नसलेली), दरवर्षी थोडी तरी पळालेली गाडी बघावी.

केतकी: ऋतुजासाठी हे बरोबर. पण मंदारदादा, त्या मुलाला एकच विचारा: घरी गॅरेज आणि पाने-स्क्रूड्रायव्हर आहेत का, हात काळे करायची तयारी आहे का? नसेल तर तुमची व्ही-स्ट्रॉम घेऊ दे. असेल तर मी अजूनही एसव्हीच म्हणेन, फक्त टाकीत टॉर्च मारून आतला पत्रा बघितल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नकोस म्हणावं.