चार म्हाताऱ्यांची भाषा?

घाटवाट: कालच्या धाग्यात भटक्या यांनी ठोकून दिलंय, की वेल्समधल्या ल्लीन द्वीपकल्पावरच्या एका गावात दुकानात शिरल्यावर आतले सगळे मुद्दाम इंग्रजी सोडून वेल्श बोलायला लागले, आणि चार म्हाताऱ्यांच्या भाषेसाठी रस्त्यांवरच्या वेल्श पाट्यांवर खर्च कशाला? रात्रभर डोक्यातून जाईना. अहो, ते आधीपासून वेल्शच बोलत होते. तुमचे कान दार उघडल्यावर उघडले, इतकंच. 2021 च्या जनगणनेत ग्विनेदमध्ये, म्हणजे ल्लीन ज्यात येतं त्या भागात, 64.4 टक्के वेल्श बोलणारे आहेत. सहा वर्षं इथे राहतोय. माझी मुलगी शाळेत वेल्श बोलते, घरी मराठी. शेजारच्या आजी कुंपणावरून 'पानद?' विचारतात, म्हणजे चहा घेणार का.

भटक्या: अख्ख्या वेल्सचा 17.8 टक्क्यांचा आकडा सोयीस्कर गाळलात. 2011 ला 19 होता. पाट्यांनी वाढली का भाषा? पोरं नोकरीसाठी पळतायत. आजींचा चहा गोड असेल, त्यावर पोट भरत नाही.

घाटवाट: पळतात, कारण घर परवडत नाही. ल्लीनमधल्याच अबरसोखची शाळा 2021 च्या शेवटी बंद झाली, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुलं उरली होती. आमच्या गल्लीत 22 घरं. नोव्हेंबरात संध्याकाळी मोजले, पाच दिवे. बाकीच्या दारांवर किल्लीच्या आकडेवाल्या पेट्या, सुट्टीपुरतं येणाऱ्यांसाठी.

फणसगरे: विषय निघालाच आहे तर, दापोलीकडे तेच चाललंय! मुंबई-पुणेकरांचे बंगले, मुक्काम वर्षातून आठ दिवस, विहिरीचं पाणी लॉनला बारा महिने. ग्विनेदने 2023 मध्ये दुसऱ्या घरावर कौन्सिल टॅक्स, म्हणजे घरपट्टी, 150 टक्के जादा लावला. आमच्या ग्रामपंचायतीला कुणी सांगेल का?

भटक्या: रोख कळला. हो, आहे आमचं घर तिथे. गावातलाच रखवालदार आहे, त्याला पगार कोण देतं? आणि वेल्समध्ये 1979 पासून अशीच घरं जाळत होते, तोही वारसाच ना?

फणसगरे: ज्याची जमीन घेतली त्यालाच रखवालदार केलंत, वर उपकार! जाळपोळीचं समर्थन कुणी केलंय इथे?

सुलूमावशी: पुरे रे. लिव्हरपूलला पाणी हवं म्हणून 1965 मध्ये वेल्समधलं कपेल केलिन गाव धरणात बुडवलं. शाळा, चॅपल, पोस्ट, सगळं पाण्याखाली. वेल्सचे खासदार जवळपास एकमुखाने विरोधात होते, तरी. लिव्हरपूलने माफी मागितली ती 2005 ला. माझे सासरे कोयनेचे विस्थापित. जुन्या गावाचं नाव काढलं की जेवता जेवता हात थांबतो त्यांचा. पाटीवर आपलं नाव असणं म्हणजे काय, ते त्यांना विचारा.

भटक्या: बरं, पाट्या राहू द्या. माझ्या परवानगीवाचून अडलंय थोडंच. पण दुकानातलं मी प्रत्यक्ष ऐकलंय.

घाटवाट: शिरताना 'बोरे दा', म्हणजे सुप्रभात, म्हणाला होतात?

भटक्या: म्हणालो ना! गाइडबुकात होतं. मग ती बाई पाच मिनिटं वेल्शमध्येच बोलत सुटली, मला अक्षर कळेना.

फणसगरे: मुद्दाम म्हणजे हेच का हो?