मलायातली ‘नवी गावं’ टिकली, व्हिएतनाममधल्या वाड्या का नाही?

रानवाट
१९४८ ते १९६० या काळात ब्रिटिशांनी मलायात (आजच्या मलेशियाचा द्वीपकल्पी भाग) पाचेक लाख लोक उठवून तारेच्या कुंपणातल्या ‘नव्या गावां’त बसवले आणि कम्युनिस्ट बंड मोडलं. १९६२ मध्ये दक्षिण व्हिएतनामने कुंपणातल्या ‘व्यूहात्मक वाड्या’ उभारून तोच कित्ता गिरवला. सल्लागारही मलायात मुरलेला ब्रिटिश अधिकारी, रॉबर्ट थॉम्पसन. तरी दोन वर्षांत डोलारा कोसळला. ‘मनं जिंकली’ वगैरे उत्तर नको. नेमका फरक काय होता?

शिधाकोठी
मनं राहू द्या, तांदूळ बघा. जंगलात गनिमाला पोटापुरतं पिकवणं जड जायचं. रान साफ करून मळा केला तर तो विमानातून दिसे. म्हणजे शिधा गावातूनच यायचा, आणि तो पोचवायचं काम ‘मिन युएन’ या त्यांच्या गावातल्या जाळ्याचं. मोहिमेचे ब्रिटिश प्रमुख जनरल ब्रिग्ज यांच्या १९५० च्या योजनेचा रोख या जाळ्यावर होता. पहाटे रबराचा चीक काढायला निघालेल्यांची फाटकावर झडती व्हायची. दुपारचं जेवणसुद्धा बाहेर न्यायला बंदी. दुकानदाराने डबाबंद माल विकतानाच डब्याला भोक पाडायचं, म्हणजे साठवता येत नाही. पुढे काही गावांत कच्चा तांदूळ विकणंच थांबवलं. सामाईक स्वयंपाकघरातून शिजलेला भात मिळे, आणि तो त्या उकाड्यात लगेच आंबतो. तरी सायकलच्या नळीतून, मैल्याच्या बादलीच्या खोट्या तळातून तांदूळ जायचाच, पण मूठमूठ. तेवढ्यासाठी गनिमाला कुंपणापाशी यावं लागे, आणि स्पेशल ब्रँचला (पोलिसांच्या गुप्तचर शाखेला) खबर असेल तर तिथे तुकडी दबा धरून बसलेली असे. या योजनेआधी, सुरुवातीची दोन वर्षं मोठमोठ्या पलटणी जंगल विंचरत होत्या, हाती फारसं लागत नव्हतं.

जुना_नकाशा
@शिधाकोठी, बरोबर, पण हे जमलं कारण बंड मुख्यतः एका समाजापुरतं होतं. बहुतेक गनीम चिनी. जपानी अमलात जंगलाच्या कडेला येऊन वसलेले चिनी लोक त्यांचा आधार. त्यांच्याकडे जमिनीचा कागद नव्हता. त्यांना उठवणं जुलमाचंच होतं, पण पिढीजात वतन सुटत नव्हतं. बहुसंख्य मलय लांबच राहिले. जमिनीवरून सीमा फक्त थायलंडची, त्यामुळे बाहेरून शस्त्रं जवळजवळ नाहीत. त्यात कोरियन युद्धाने रबर आणि कथलाचे भाव चढले, खर्चाची सोय झाली. १९५५ मध्ये बालिंगला बंडखोरांशी बोलणी फिसकटली, कारण कम्युनिस्ट पक्षाला मान्यता द्यायला मलायाचे मुख्यमंत्री टुंकू अब्दुल रहमान तयार नव्हते. १९५७ ला देश स्वतंत्र झाल्यावर तर कम्युनिस्ट नेता चिन पेंगच्या ‘ब्रिटिशांविरुद्ध लढा’ या घोषणेत दमच उरला नाही. इतकं सगळं जुळूनही १२ वर्षं लागली. आणि हे सभ्य युद्ध नव्हतं: डिसेंबर १९४८ मध्ये बातांग काली इथे ब्रिटिश सैनिकांनी २४ निःशस्त्र गावकरी मारले.

बांबूकुंपण
आता व्हिएतनाम. मेकाँगच्या खोऱ्यातला शेतकरी खाचरालगत, पूर्वजांच्या थडग्यांशेजारी राहणारा. त्याला हलवलं की शेत लांब पडलं. वर बांबू त्यानेच तोडायचे, खंदक त्यानेच खणायचा, बहुधा बिनमजुरी. व्हिएत मिन्हने (फ्रेंचांशी लढलेल्या कम्युनिस्टांच्या आघाडीने) वाटलेली जमीन ज्यांच्याकडून राष्ट्राध्यक्ष झिएमच्या राज्यात जमीनदारांकडे परत गेली, ते या वेठीला खुशीने येणार होते थोडेच?

दुसरं म्हणजे घाई. सप्टेंबर १९६२ पर्यंत तीन हजारांवर वाड्या आणि चाळीस लाखांवर माणसं, असा सरकारी दावा होता! एक भाग पक्का केल्याशिवाय पुढचा हातात घेऊ नका, हे थॉम्पसनचं सांगणं. झिएमचा भाऊ न्हू याने सगळीकडे एकदम सुरुवात केली. योजनेतला बडा अधिकारी फाम न्गोक थाओ कम्युनिस्टांचा हेर होता, आणि वेग वाढवा म्हणून तोच मागे लागलेला.

पण मुळातली गोम ही की मलायात गनीम कुंपणाबाहेर होता, इथे बऱ्याच वाड्यांत तो आतच राहत होता. फाटकावर झडती घेऊन काय सापडणार? लाओसमार्गे येणारी शस्त्रंही कुंपणाने अडत नव्हती. नोव्हेंबर १९६३ मध्ये झिएम आणि न्हू मारले गेले, मग वाड्यांना वालीच उरला नाही.

रानवाट
आपल्याकडे कुठे केलं होतं का असं?

जुना_नकाशा
मिझो टेकड्यांत (आजचं मिझोराम), मिझो बंडाविरुद्ध, १९६७ पासून. सिलचर–ऐझॉल–लुंगलेई रस्त्याच्या कडेला लष्कराने गावं एकत्र आणली. झूमची (फिरत्या शेतीची) रानं दूर राहिली, शेती मोडली आणि लोक सरकारी तांदळावर आले. बंडखोरांना मात्र १९७१ पर्यंत पूर्व पाकिस्तानात आसरा होता. शेवट झाला तो १९८६ च्या कराराने, आणि बंडखोरांचे नेते लालडेंगा मुख्यमंत्री झाले.