थंडी, सायकल आणि मागच्या ट्रेलरमधलं पोर : तुमचा अनुभव लिहा

सुरुवात मीच करतो. गेल्या रविवारी तीन वर्षांच्या लेकीला ट्रेलरमध्ये (सायकलमागे जोडायची, पडदा असलेली पोरांची गाडी) बसवून बेळगावच्या टिळकवाडीहून जवळच्या येळ्ळूर गावाला गेलो. तिथला राजहंसगड किल्ला खालूनच बघितला, वर चढवायची छाती नव्हती. वाटेत म्हैस दिसली की थांब, बगळा दिसला की थांब. दोन तास गेले.

चूक एकच झाली. मला घाम फुटला म्हणून मी स्वेटर काढला, आणि तिलाही उकडत असेल असं धरून चाललो. पडदा उघडला तर हात बर्फासारखे! पायडल मी मारतोय, ती नुसती बसलेली, हे डोक्यातच आलं नाही. आता दर पंधरा मिनिटांनी थांबून मानेमागे हात लावून बघतो. ट्रेलर बुटका, मोठ्या गाड्यांना दिसत नाही, म्हणून उंच काठीला झेंडा हवाच. आपल्याकडे झेंडा म्हटला की रंगाचा विचार आला. मी पोपटी लावला.

निपाणीहून :
सध्या ऊसतोड जोरात आहे. डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर मागून आला की मी सरळ कडेला उतरून उभा राहतो, मान-अपमान नाही. दुसरं, ट्रेलर सायकलपेक्षा रुंद असतो. आपलं चाक खड्डा चुकवतं, त्याचं बरोबर त्यात जातं. वळणावर कट मारला आणि एक चाक दगडावर चढलं, तर कलंडतोच. आमचा कलंडला. पट्टे आवळलेले आणि डोक्यावर हेल्मेट, म्हणून पोरगा हसत होता. मी नव्हतो.

खानापूरहून :
आम्ही बाळ वर्षाचं होईपर्यंत थांबलो. त्याआधी मान हेल्मेटचं वजन पेलत नाही.

वडगावहून :
आमच्या वेळी कुठला ट्रेलर हो? बाबा मागावर काम करायचे. सुट्टीला दांडीवर टॉवेल गुंडाळून मला बसवायचे आणि किल्ला तलावाला फेरी. परत येईतो पायाला अशा मुंग्या, की उतरवल्यावर उभंच राहता येत नसे. तरी पुढच्या सुट्टीला मीच आधी तयार की.

कॅम्पातून :
येताना आपली बेळगावची मिठाई, कुंदा घेतला आणि त्याचं पाकीट ट्रेलरमध्ये लेकीजवळ ठेवलं. मागून आवाज नाही, म्हटलं झोपली असेल. घरी पडदा उघडला. झोपली नव्हती.