बोर, मेस आणि लाईट : आपल्याकडच्या इंग्रजीचं काय करायचं?

'बोर होणे' हा प्रयोग बोरच्या मशीनवरून आला का, असा प्रश्न निघालाय. कंटाळवाणा माणूस डोक्याला भोक पाडतो, म्हणून तो बोर, ही उपपत्ती ऐकायला झकास आहे. पण कोशकार तिच्यावर ठाम नाहीत. भोक पाडण्याचं 'बोर' हे जुन्या इंग्रजीतलं क्रियापद. कंटाळ्याचं 'बोर' मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात एकदम उगवतं आणि ते कुठून आलं याचा पक्का धागा सापडत नाही. बारा बोरची बंदूक मात्र भोकाचीच. नळीत नेमक्या बसतील अशा शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड भरतो, म्हणून बारा.

आमच्या लातूर-धाराशिवकडं बोर म्हटलं की आधी पाणीच डोळ्यांपुढं येतं. शेतात बोर घेतला, फेल गेला, केसिंगचे, म्हणजे बोरात घालायच्या पाइपाचे, पैसे अंगावर आले. गाडी बहुतेक तमिळनाडूची. तिथल्या तिरुचेंगोडची बोरवेलच्या गाड्यांसाठी ख्यातीच आहे. यात झाडाचं बोर मिसळलं तरी आपली गल्लत होत नाही, कारण लिंग सांभाळून घेतं: बोर घेतला, बोर खाल्लं. इंग्रजीला ही सोय नाही.

'मेस'बद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. 'मेस म्हणजे पसारा, जेवणाच्या जागेला असलं नाव कसं?' असं विचारणाऱ्यांनी गोष्ट उलटी धरली आहे. जेवण आधीचं, पसारा नंतरचा. जुन्या फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ताटात वाढलेलं अन्न. मग एकत्र जेवणारी पंगत, मग कालवाकालव, आणि घोळ-पसारा हा अर्थ तर पार एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. लातुरात ट्यूशनला आलेलं पोरगं 'मेस लावली' म्हणतं तेव्हा ते जुन्या अर्थाला जास्त धरून असतं. (मेसमधली भाजी बघून नवा अर्थही पटतो, ते सोडा.) हॉस्टेल, हॉटेल आणि हॉस्पिटल हे तिघंही पाहुण्याला आसरा देण्याच्या एकाच लॅटिन मुळातून फुटलेले. आपण चहाच्या टपरीलाही हॉटेल म्हणतो, जिथं मुक्कामाची सोय नसते. मराठीत ते चालतंच. इंग्रजीत 'हॉटेलात जेवलो' लिहिलं तर वाचणारा खोल्यांची इमारत समजेल, एवढंच.

खरी अडचण इथं आहे. 'लाईट गेली' हे आता मराठी वाक्य आहे, वीजबाईचं स्त्रीलिंगही त्याला लागलंय. 'रात्रीची लाईट' म्हटलं की शेतकऱ्याला रात्री पाणी द्यायला जावं लागणार हे सगळ्यांना कळतं. हेच अर्जात जसंच्या तसं इंग्रजी करून लिहिलं तर अर्थ नुसता 'उजेड नाही' असा होतो. तिथं पॉवर हा शब्द हवा.

'पासआऊट'चंही तसंच. 'मी अमुक साली पासआऊट झालो' हे भारतभर चालतं, लष्करात तर पासिंग आऊट परेडच असते. पण इंग्लंड-अमेरिकेतला माणूस आधी समजेल की हा त्या साली चक्कर येऊन पडला. परदेशी कंपनीला अर्ज करताना 'ग्रॅज्युएट' वापरा. 'प्रीपोन'ला मात्र मी चूक म्हणणार नाही. परीक्षा पुढं गेली तर 'पोस्टपोन', मग अलीकडं आली तर काय म्हणायचं? ती गरज आपण भागवली आणि ऑक्सफर्डच्या कोशानंही तो शब्द घेतला. उगीच लाजू नका.

'डाऊट' राहिला. सरांना 'डाऊट आहे' म्हणणं आपल्याकडं आदराचं, पण बाहेर त्याचा अर्थ 'तुमच्या बोलण्यावर विश्वास नाही' असा घेतला जाऊ शकतो. तिथं सरळ 'क्वेश्चन' म्हणावं.

आता मला एक सांगा. आमच्याकडं ट्रान्सफॉर्मरला डीपी म्हणतात आणि व्हॉट्सॲपवरच्या फोटोलाही डीपीच. हिंगोली-परभणीकडं ट्रान्सफॉर्मरवाल्या डीपीला 'जळाली' म्हणतात का 'जळाला'?