डोरिस डे: घडलेली गायिका की नशीबवान?

तबकडी_७८
अमेरिकन गायिका-अभिनेत्री डोरिस डेबद्दल लिहिणारे १९४८च्या 'रोमान्स ऑन द हाय सीज' या तिच्या पहिल्या सिनेमापासूनच सुरुवात का करतात? तिचं घडणं त्याआधीच पुरं झालं होतं. नाचाच्या बँडमधून गात: १९३९मध्ये सिनसिनाटीत बार्नी रॅपचा बँड, मग बॉब क्रॉस्बीचा, मग लेस ब्राउनचा. बँडच्या गायिकेला लाड नसतात. लोक नाचतायत, त्यामुळे लय तसूभरही ओढायची नाही. वाद्यांचं वाजवून झालं की उठायचं, ३२ बारचा (म्हणजे ३२ आवर्तनांचा) फेरा म्हणायचा, परत खुर्चीत. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं, त्यातली निम्मी वाद्यांचीच. पाल्हाळाला जागाच नाही.

रीळ_नंबर_३
साफ असहमत. असं घासून निघालेल्या गायिका तेव्हा प्रत्येक बँडमध्ये होत्या. ही वर आली ती योगायोगानं. १९३७मध्ये तिच्या मोटारीला रेल्वेनं धडक दिली, उजवा पाय मोडला, नर्तकी व्हायचं राहिलं, म्हणून गाणं. त्या पहिल्या सिनेमातली भूमिकाही बेटी हटन या अभिनेत्रीसाठी होती. ती गरोदर राहिली म्हणून हिला मिळाली!

तबकडी_७८
मग नशिबानं तिला अडवलं तेही मोजा की. १ ऑगस्ट १९४२पासून अमेरिकेत वादकांच्या संघटनेचा रेकॉर्डिंगवर बहिष्कार होता. गायक संघटनेत नव्हते, त्यामुळे फ्रँक सिनात्रासारख्या गायकांनी वाद्यांऐवजी कोरस घेऊन तबकड्या काढल्या. १९४३मध्ये ब्राउनकडे परतलेली डोरिस मात्र बँडची गायिका, आणि बँडलाच बंदी. कोलंबिया या तबकडी कंपनीशी संघटनेची तडजोड झाली नोव्हेंबर १९४४मध्ये. २० तारखेला 'सेंटिमेंटल जर्नी' रेकॉर्ड झालंसुद्धा.

रीळ_नंबर_३
आणि ते गाजलं कधी? १९४५मध्ये, सैनिक घरी परतत असताना. गाणं घरी परतण्याचं. नऊ आठवडे पहिला नंबर! यापेक्षा मोठा योगायोग कुठला?

मंद्र_सप्तक
त्याच वर्षी तिचं नि ब्राउनचं 'माय ड्रीम्स आर गेटिंग बेटर ऑल द टाइम'ही पहिल्या नंबरावर होतं. त्यात कुणी घरी परतत नाही.
तुमच्या दोघांकडूनही मायक्रोफोन सुटलाय. पाय प्लॅस्टरमध्ये असताना ती रेडिओवर जॅझ गायिका एला फिट्झजेराल्डच्या सुरात सूर मिसळायची. शिक्षिका ग्रेस रेन. तिची शिकवण अशी की सभागृहाला नाही, एकाच माणसाच्या कानात गायचं. म्हणून 'सेंटिमेंटल जर्नी'त ती ब्रासशी (ट्रम्पेट, ट्रॉम्बोनसारख्या पितळी वाद्यांशी) चढाओढ करत नाही. शब्दाचा शेवट श्वासात विरघळू देते, तरी व्यंजन गिळत नाही. मोठ्या आवाजाच्या गायिका माइकजवळ हलकं गायला गेल्या की सूर खाली बसतो. हिचा बसत नाही.

रीळ_नंबर_३
ऐकायला छान, पण पडद्यावर माइक कुठे असतो? गाणं आधी रेकॉर्ड, शूटिंगला ओठ हलवायचे.

मंद्र_सप्तक
तिथेच तर बहुतेकांची फजिती होते. आवाज ताणून गायलेला असेल तर प्लेबॅकवर चेहराही तेवढाच ताणावा लागतो, नाहीतर आवाज एकीकडे नि तोंड दुसरीकडे. हिचं गाणंच बोलण्याच्या पट्टीतलं, त्यामुळे त्या पहिल्या सिनेमातल्या 'इट्स मॅजिक' गाण्यात चेहऱ्याला वेगळं काही करावंच लागत नाही. त्याच सिनेमाचा दिग्दर्शक मायकेल कर्टिझनं तिला अभिनयाचे धडे घेऊ नकोस म्हणून बजावलं होतं, ते उगाच नाही.

रीळ_नंबर_३
माइकचं मान्य. बेटी हटनच्या मुद्द्याला उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.