डेस्कटॉप झोपेतून उठत नाही, म्हणून स्लीप मोडच बंद करायचा?

पाचपाखाडीकर (धागाकर्ता):

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एका शेजाऱ्यांनी विचारलं: डेस्कटॉप स्लीपला गेला की माउस हलवा, कीबोर्ड बडवा, काही केल्या उठत नाही. पॉवरचं बटण दाबून धरून बंद करावा लागतो, आणि परत लावला की नीट चालतो. काय करू? तासाभरात उत्तरांचा पाऊस. फॉरमॅट मारा. रॅम काढून खोडरबराने पुसा. आणि बहुतेकांचं म्हणणं, स्लीप बंदच करून टाका, डेस्कटॉपला हवी कशाला?

या शेवटच्या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे, म्हणून हा धागा.

स्लीपमध्ये प्रोसेसर, डिस्क, पंखे, ग्राफिक्स कार्ड या सगळ्यांची वीज तोडली जाते. फक्त रॅमला थोडीशी मिळत राहते, कारण आपण उघडून ठेवलेलं सगळं तिच्यात असतं. उठताना आधी बायॉस (मदरबोर्डवरच्या चिपमधला प्राथमिक प्रोग्राम) बोर्ड उभा करतो, मग विंडोज ताबा घेते, मग एकेक ड्रायव्हर (विंडोज आणि हार्डवेअर यांना जोडणारा छोटा प्रोग्राम) आपापलं हार्डवेअर पुन्हा सुरू करतो. यातला कोणीही अडखळला तरी आपल्याला दिसतो तो एकच काळा स्क्रीन. ही कामाची वाटणी ज्या एसीपीआय नावाच्या नियमावलीने ठरवली ती इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ मध्ये आणली. तेव्हापासून बिघाड झाला की विंडोजवाले बोर्डकडे बोट दाखवतात आणि बोर्डवाले ड्रायव्हरकडे. मधल्या मध्ये वापरणाऱ्याला सांगितलं जातं, सोय बंद करा.

कारण शोधणं इतकं अवघड नाही. पॉवरचं बटण एकदा हलकेच दाबून सोडा (चार-पाच सेकंद धरून ठेवलंत तर मशीन बंदच होईल). पंखा फिरायला लागला? मग कॅप्स लॉक दाबा आणि कीबोर्डवरच्या दिव्याकडे बघा. दिवा लागतो-विझतो आहे, तर मशीन जागं आहे, नुसतं चित्र येत नाही. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकत्र दाबा. बीप येते आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. चित्र आलं, तर दोष त्या ड्रायव्हरचा. नाही आलं, तर मॉनिटर बंद करून चालू करा, केबल काढून लावा. डिस्प्लेपोर्टवरचे काही मॉनिटर स्वतःच गाढ झोपतात आणि सिग्नल परत आलेला त्यांना कळत नाही. त्यांच्या मेनूत डीप स्लीप असेल तर बंद करा, इनपुट ऑटोवर न ठेवता ठरवून द्या.

पंखा फिरतोय पण कॅप्स लॉकचा दिवा मख्ख, तर गाडी बायॉस, रॅम किंवा एखाद्या ड्रायव्हरपाशी अडली आहे. पंखाच फिरत नाही, तर एसएमपीएसकडे (मशीनला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्याकडे) बघावं लागेल. बटणाने उठतो पण कीबोर्डने उठत नाही ही तर अगदीच साधी गोष्ट. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डच्या प्रॉपर्टीज उघडा, पॉवर मॅनेजमेंटच्या टॅबमध्ये कॉम्प्युटरला उठवायची परवानगी दिलेली आहे का बघा.

एवढं बघायला दहा मिनिटं पुरतात. आणि विजेचा हिशोबही मांडतो. मॉनिटर बंद करून नुसता चालू ठेवलेला साधा डेस्कटॉप ५० वॅटच्या आसपास घेतो. रात्रीचे १० तास धरले तर अर्धं युनिट, महिन्याला १५ युनिट. महावितरणच्या घरगुती बिलात १०० आणि ३०० युनिटांना स्लॅब बदलतो. काठावर असलेल्या घराला ही १५ युनिटं वरच्या दराने भरावी लागतात. स्लीपमधलं मशीन काही मोजके वॅट घेतं.

ऐरोलीकर:

असहमत. रबाळे-महापे पट्ट्यातल्या छोट्या ऑफिसांची मशीनं मी सांभाळतो आणि प्रत्येक मशीनवर पहिल्याच दिवशी स्लीप बंद करतो. रात्रभर चालू ठेवा असं मी कधीच म्हणत नाही, तेव्हा तुमचा विजेचा हिशोब मला लागू नाही. जेवायला जाताना मॉनिटर बंद होऊ दे, संध्याकाळी हायबरनेट करा. सगळं डिस्कवर लिहिलं जातं, वीज शून्याच्या जवळ, आणि एसएसडी असेल तर सकाळी चहा टेबलावर यायच्या आत काम पुढे चालू.

स्लीपमध्ये रॅमला वीज लागते हे तुम्हीच लिहिलंय. जुलैत इथे कधी वीज जाईल सांगता येत नाही, आणि छोट्या ऑफिसातला यूपीएस म्हणजे ६०० व्हीएचा, बॅटरी दमलेली. दुपारी मशीन झोपलं, वीज गेली, अकाउंटंटची अर्धी भरलेली एक्सेल शीट गेली. तिचे दोन तास कोण भरून देणार? कारण शोधण्याचा तुमचा आग्रह घरी ठीक आहे. माझ्या गिऱ्हाइकाला कारण नको असतं, मशीन चालू हवं असतं.

पाचपाखाडीकर:

वीज गेल्यावर काम जातं, हा मुद्दा विंडोजने कधीच सोडवलाय. हायब्रिड स्लीप बघा. झोपताना रॅममधलं सगळं डिस्कवरही लिहून ठेवलं जातं. वीज टिकली तर झटकन उठतो, गेली तर हायबरनेटसारखा डिस्कवरून उठतो. ज्या डेस्कटॉपला ही सोय चालते त्यावर ती बहुधा आधीपासून सुरूच असते. पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये, स्लीपच्या खाली सापडेल.

मात्र तुमच्या हायबरनेटचा मला निदानासाठी फार उपयोग वाटतो. हायबरनेटमधून उठताना बायॉस नेहमीच्या चालू होण्यासारखा सुरुवातीपासून चालतो, पण विंडोजचे ड्रायव्हर मात्र झोपेतून उठल्यासारखेच उठतात. म्हणजे स्लीपमधून उठत नाही आणि हायबरनेटमधूनही अडकतो, तर आधी ड्रायव्हरवर संशय घ्या. स्लीपमधून अडकतो आणि हायबरनेटमधून बिनबोभाट उठतो, तर बायॉस, रॅम किंवा एसएमपीएस. तुम्ही ज्याला उपाय म्हणताय ती खरं तर एक उत्तम चाचणी आहे, आणि ती करून तुम्ही तिचा निकालच वाचत नाही.

कोपरी_पूर्व:

माझ्या पीसीला हाच त्रास होता. फॉरमॅट मारला, गेला. दहा मिनिटांच्या चाचण्यांपेक्षा हे सोपं नाही का?

पाचपाखाडीकर:

फॉरमॅटने विंडोजसोबत ग्राफिक्स आणि चिपसेटचे (बोर्डवरच्या मुख्य चिपचे) ड्रायव्हरही बदलले, म्हणून गेला असणार. त्यासाठी सगळा डेटा हलवायची गरज नव्हती. डिव्हाइस मॅनेजरमध्ये रोल बॅक ड्रायव्हर दाबायचं, किंवा बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून चिपसेटचा ड्रायव्हर टाकायचा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तशी अनेकांनी जुन्या मशीनवर ११ चढवली, आणि तेव्हा विंडोज अपडेटने परस्पर आणलेला ग्राफिक्स ड्रायव्हर तसाच राहिला. अशा मशीनवर सुरुवात तिथूनच करा.

सीवूड्स_ताई:

एक भर घालते, कारण यात माझे ओळखीचे बरेच जण फसलेत. "मी शट डाउन करून परत लावून बघितलं, फरक नाही" असं लोक सांगतात. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलला जातो. बिघडलेला ड्रायव्हर त्याच अवस्थेत परत येतो. रीस्टार्ट दिला तर मात्र सगळं खरोखर नव्याने सुरू होतं. म्हणून कोणतीही चाचणी रीस्टार्टनंतर करा.

ऐरोलीकरांना एक विचारायचं आहे. मी घरून पुस्तकांची अक्षरजुळणी करते. दिवसातून कितीदा तरी स्वयंपाकघर, शाळेची बस, परत टेबल. दर वेळी हायबरनेट करून परत उठवायचं? झोपलेलं मशीन एका स्पर्शात जिथे होतं तिथे उभं राहतं, त्यावर माझा दिवस चालतो. ऑफिसचा नियम घराला कसा लावणार?

ऐरोलीकर:

ताई, तुमच्यासाठी स्लीप ठेवा, मी नाही म्हणणार नाही. यूपीएसची बॅटरी तेवढी बघून घ्या. माझं म्हणणं दहा-वीस मशीनं एकट्याने सांभाळणाऱ्याचं आहे.

आणि निकाल वाचत नाही म्हणालात, तर सांगतो. मी इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची घडामोडींची नोंदवही) बघतो. कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसली की एसएमपीएस गेला, हे मी अनुभवाने ओळखतो.

वाशी_सेक्टर१७:

इथे मला दोघांनाही थांबवावं लागेल. एसएमपीएस आणि बोर्ड दुरुस्ती हे माझं रोजचं काम आहे.

४१ चा अर्थ एवढाच की मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. तुम्ही बटण दाबून धरून बंद केलंत तरी पुढच्या वेळी ४१ येणारच. त्यावरून चांगले एसएमपीएस बदललेले मी पाहिलेत आणि मला त्याचा राग येतो, कारण पैसे गिऱ्हाइकाचे जातात. बघायची ती पॉवर-ट्रबलशूटरची १ नंबरची नोंद. कधी झोपलं, कधी उठलं, कोणी उठवलं, सगळं त्यात असतं. काळ्या स्क्रीनच्या वेळेची ती नोंद सापडली, तर विंडोज उठली होती. नसेल, तर बहुधा त्याच्या आधीच गाडी अडली.

एसएमपीएसचा संशय असेल तर मोजा. २४ पिनच्या कनेक्टरमध्ये जांभळी वायर असते, नववी पिन. मशीन बंद किंवा झोपलेलं असतानाही तिच्यावर ५ व्होल्ट यायला हवेत, आणि झोपेत रॅम जगते ती याच लाइनवर. मल्टीमीटरचा काळा प्रोब कुठल्याही काळ्या वायरवर, लाल प्रोब जांभळ्यावर, आणि मशीन झोपलेलं असतानाच मोजायचं. ४.७५ ते ५.२५ च्या आत हवं. ही लाइन दिवसरात्र चालू असते, त्यामुळे तिचे कपॅसिटर उष्णतेने सुकत जातात. पंख्याखाली धूळ साचलेल्या जुन्या एसएमपीएसमध्ये हे हमखास दिसतं. एसएमपीएस स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आत धक्का बसेल इतका चार्ज राहतो.

खोडरबराबद्दल. खाडीजवळच्या दमट हवेने रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळवंडतात हे खरं आहे. पण मग मशीन एरवीही चालू होताना कटकट करतं, बीप मारतं. रोज नीट चालू होणाऱ्या आणि फक्त झोपेतून न उठणाऱ्या मशीनची रॅम घासून काही साधत नाही.

पाचपाखाडीकर:

४१ बद्दल शंभर टक्के सहमत. शेजाऱ्यांकडे काल संध्याकाळी बसलो होतो. पंखा फिरतो, कॅप्स लॉक मेलेला, १ नंबरची नोंद नाही, आणि हायबरनेटमधून सुरळीत उठतो. म्हणून बायॉसमध्ये जाऊन रॅमचं एक्सएमपी (रॅम नेहमीपेक्षा जास्त वेगाने चालवायची सेटिंग) बंद केलं. डीडीआर४ रॅम ३२०० वर चालवली होती, ती आपल्या मूळ वेगावर आली. स्लीपमधून उठताना बायॉस सहसा रॅमची जुळणी नव्याने करत नाही, आधीची साठवलेली वापरतो. वेग काठावर ताणलेला असेल तर तिथेच अडकतं. तेव्हापासून दर वेळी उठतोय. आता पुढची पायरी बायॉस अपडेट.

वाशी_सेक्टर१७:

अपडेट घाईने करू नका. मध्येच वीज गेली तर बोर्ड हातचा जाईल, चांगल्या यूपीएसवरच करा. आणि माझं समाधान अजून झालेलं नाही. एक्सएमपीमध्ये डीडीआर४ ला १.२ ऐवजी १.३५ व्होल्ट लागतात. व्होल्टेज खाली आणल्यावर ओझं कमी झालं, म्हणून दमलेली ५ व्होल्टची लाइन सध्या निभावून नेत असेल. एसएमपीएस किती जुना आहे?

पाचपाखाडीकर:

मशीनइतकाच जुना, आणि मशीन कोविडच्या आधीचं आहे. माझा कल अजून बायॉसकडेच आहे, कारण या बोर्डच्या नव्या बायॉसच्या माहितीत रॅमची सुसंगती सुधारल्याचं लिहिलंय. पण मल्टीमीटर घेऊन शनिवारी परत जातो. झोपलेला असताना जांभळ्या वायरवर काय येतं ते एक्सएमपी चालू करून आणि बंद करून, दोन्ही आकडे इथे टाकतो. ४.७५ च्या खाली दिसलं तर आधी एसएमपीएस, बायॉस नंतर.

ऐरोलीकर:

दोन्ही आकडे टाकाच. महाप्यात माझ्याकडे त्याच वयाची मशीनं आहेत, त्यांनाही ५ व्होल्टच्या लाइनवर मोजून घेतो. स्लीप मात्र तिथे बंदच राहील, नव्या यूपीएसना मालक मंजुरी देईपर्यंत.