झोळीची कडी आणि पोरं झोपवण्याचे उद्योग

गवती_चहा
घरात रंगकाम चाललंय. आज सकाळी पेंटर शिडीवरून ओरडला, "मॅडम, ये कडी निकालू क्या? पुट्टी बराबर नहीं बैठेगी."
मी चहाचा ट्रे घेऊन तशीच उभी. ती कडी! बेडरूमच्या छताला, पंख्यापासून दोन हात लांब. २००६ मध्ये लेकाच्या झोळीसाठी सासऱ्यांनी ठोकून घेतली होती. ठाण्यातलं आमचं वन बीएचके, माणसं पाच. सासरे म्हणजे पक्का माणूस. कडी बसवली त्या रात्री त्यांनी झोळीत दहा किलो कोलमचं पोतं टाकून ठेवलं. सकाळी कडी जागेवर, पोतं जागेवर. "आता नातवाला टाका," म्हणाले.
झोळी सासूबाईंच्या जुन्या नऊवारीची, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. तोंड उघडं राहावं म्हणून मध्ये आडवं लाटणं अडकवलेलं. त्यामुळे बाळ झोपलं की लाटणं गेलं, आणि बाळ जागं असेल तर पोळ्यांना हात मोकळा नाही. शेवटी मामेसासूबाईंनी बारशाला आहेर म्हणून दुसरं लाटणं आणलं. चांदीच्या वाटीपेक्षा तेच उपयोगाला आलं.
लेक आता पुण्याला हॉस्टेलवर. पेंटरला म्हटलं, जरा थांब. तो खाली बिडी ओढायला गेलाय, तेवढ्यात हे टाइप करतेय. तुमची पोरं शहरातल्या गोंगाटात, एवढ्याशा जागेत कशी झोपायची? लिहा बघू.

शिटी_नको
लाटणं!! मेले हसून.
आमच्याकडे प्रश्न कुकरचा. स्वयंपाकघराला दार नाही, नुसता पडदा. शिटी झाली की पोरगी उठलीच. मी घड्याळ लावून कुकरसमोर उभी राहायचे. वाफ सुसू करायला लागली, शिटी थरथरली की लगेच गॅस बंद, मग परत चालू, परत बंद. वरणातली डाळ वर्षभर कच्ची खाल्ली सगळ्यांनी. नवरा अजून म्हणतो, त्या वर्षीचं वरण चावावं लागायचं.

कोथरूडचा_बाबा
आमचं उलटं. जुलैत जन्म, आणि खिडकीखालच्या मैदानात ढोलपथकाचा सराव. रोज संध्याकाळी तीन तास. पहिल्या दिवशी बायको रडली, मी भांडायला खाली गेलो आणि पथकातल्या मुलांनी "काका, बाळाला घेऊन या बघायला" म्हणून मलाच गार केलं. आठवड्याभरात पोरगं ढोलावर ढाराढूर झोपायला लागलं. ताशाची तर्री सुरू झाली की डोळे मिटायचे.
विसर्जन झालं, सराव बंद. आणि मग जे काय सुरू झालं! शांतता सहन होईना त्याला. चिप्सचं पाकीट उघडलं तरी दचकून उठायचा. मी रात्री दोन वाजता पिठाचा डबा उलटा करून हलक्या हाताने वाजवलाय. खालच्या मजल्यावरच्या काकांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय घेतला होता, नाव न घेता. सगळे माझ्याकडेच बघत होते.

गवती_चहा
@कोथरूडचा_बाबा, पिठाचा डबा :) त्या काकांचंही कौतुक आहे, नाव नाही घेतलं.

डोंबिवलीकरीण
झोळी म्हटलं की मला पाळणाघरच्या काकू आठवतात. २६ जुलै. वर्ष सांगायला नको.
लेक दहा महिन्यांची. मी फोर्टात ऑफिसला. दुपारी गाड्या बंद, फोन बंद. रात्र ऑफिसच्या टेबलावर काढली, दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघीजणी निघालो. कुठे ट्रक, कुठे चालत. मुलुंडच्या पुढे एका दूधवाल्याने टेम्पोत घेतलं. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला हे नंतर पेपरात वाचलं. माझा कुडता पुढून भिजलेला होता, तो पावसाने नाही. अंगावर पाजणाऱ्या बायकांना कळेल. घाटकोपरला एका बाईने घरात बोलावून मोरी दाखवली, दार लावून घेतलं, काही विचारलं नाही. तिचं नावही माहीत नाही मला.
संध्याकाळी सात वाजता पोचले. काकूंच्या घरात लाइट नाही, मेणबत्ती. लेक झोळीत. काकूंनी माझी तिथे विसरलेली ओढणी झोळीच्या आत घातली होती, "तुझा वास आहे म्हणून निजली" म्हणाल्या. रात्रभर एका हाताने झोका देत बसल्या होत्या, खिचडी पण एका हातानेच खाल्ली म्हणे. महिन्याचे सहाशे रुपये देत होते मी त्यांना.
बस, एवढंच. कुकर लावायचाय.

मीठमोहर
अगं डोंबिवलीकरीण... काय लिहू. डोळे भरले ऑफिसात.

शिटी_नको
घाटकोपरची ती बाई. देव भलं करो तिचं.

निमूट_वाचक
विषय निघालाच आहे तर, घाटकोपर पूर्वेला कोणाला चांगलं पाळणाघर माहीत आहे का? दीड वर्षाची मुलगी आहे, पुढच्या महिन्यात जॉइन व्हायचंय. सकाळी साडेसातला उघडणारं हवं.

परदेशी_पोळी
मी न्यू जर्सीत. इथे झोळी बिळी काही नाही. हॉस्पिटलमधून निघतानाच नर्सने तीनदा सांगितलं, सपाट घट्ट गादी, पाठीवर, उशी नाही, दुलई नाही, बाजूला खेळणं नाही. १९९० च्या दशकापासून इथे हेच सांगतात, झोपेत दगावणारी बाळं त्यानंतर बरीच कमी झाली. त्यामुळे झोळीचं सगळं वाचून जीव खालीवर होतोय, माफ करा.
पण आईचं ऐका. सांगलीहून आली होती बाळंतपणाला. पाळणा आमच्या पलंगाला लागूनच होता, तरी तिला ते पसंत नाही. "एवढंसं पोर एकटं पिंजऱ्यात?" रात्री मी उठले तर आई पाळण्याशेजारी जमिनीवर चटई टाकून झोपलेली, कठड्याच्या फटीतून हात आत, बाळाच्या पायावर. नियम एकही मोडला नव्हता तिने. सपाट गादी, पाठीवर, सगळं.

खिडकीतला
आमच्या अख्ख्या पिढ्या झोळीत वाढल्या, काही झालं नाही कोणाला.

परदेशी_पोळी
ज्यांना झालं ते इथे लिहायला नाहीत ना दादा.

खिडकीतला
हे बरोबर आहे. गप्प बसतो.

गवती_चहा
भांडू नका रे. आमच्याही बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं होतं की झोळीत मान छातीवर वाकू देऊ नका, रात्री गादीवरच घ्या. दिवसा झोळी, तीही कोणी शेजारी बसलं असेल तरच. सासरे पेपर घेऊन बसायचे. पेपर संपला की जाहिराती वाचायचे.

आजी_ऑनलाइन
मी ७६ वर्षांची आहे, नातीने टाइप करायला शिकवलं, चुका पोटात घाला.
आम्ही परळला रेल्वे क्वार्टरमध्ये होतो. खिडकीतून हात काढला तर रूळ लागतील असं वाटे. पाहुणे आले की रात्रभर जागे. माझी थोरली मात्र गाड्यांच्या आवाजात गाढ. पहिली लोकल गेली की उलट कूस बदलून अजून झोपायची.
१९७४ च्या मे महिन्यात रेल्वेचा संप झाला. जॉर्ज फर्नांडिस पुढारी होते. ८ तारखेला सुरू झाला तो २७ पर्यंत. हे संपात. रात्री पोलीस येऊन माणसं पकडून नेत, म्हणून हे घरी येत नसत. गाड्या अगदी तुरळक. आणि पोरगी झोपेना. मला वाटलं दात येताहेत. शेजारच्या मावशी म्हणाल्या, अगं तिची गाडी बंद आहे. मग मी दाराची कडी धरून खडखड खडखड करत बसायचे, सारख्या तालात. पाच मिनिटांत झोपे. एकदा कडी वाजते म्हणून शेजाऱ्यांना वाटलं पोलीस आले, सगळी चाळ जागी झाली.
तेव्हा पहाटे चारला आरेच्या केंद्रावर रांग लावायची, बाटल्या घेऊन. पिशवी वगैरे नव्हती. मुलीला खांद्यावर टाकून उभी राहायचे. रिकाम्या बाटल्या एकमेकींवर वाजल्या की ती उठायची. गाडीने नाही उठली कधी.

मीठमोहर
आजी, तुम्ही रोज लिहा. रोज.

कोथरूडचा_बाबा
आजींच्या पुढे माझा पिठाचा डबा काय! साष्टांग नमस्कार.

विरार_फास्ट
रेल्वेचं निघालं म्हणून. मला गाणं येत नाही, गळा म्हणजे फुटका भोंगा. २०१३ ची मुलगी. एका रात्री काही सुचेना तर स्टेशनं म्हणायला लागलो. चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी, लोअर परळ, एल्फिन्स्टन, दादर, माटुंगा रोड, वांद्रे, खार... सावकाश, एका सुरात, थोपटत. विलेपार्ल्याला डोळे जड, बोरिवलीला खल्लास. विरारपर्यंत मी फार क्वचित पोचलोय, बहुतेक वेळा भाईंदरला मीच झोपायचो. रोजची सवय.
२०१६ च्या शेवटी राम मंदिर स्टेशन सुरू झालं. प्रामाणिकपणे जोगेश्वरीनंतर घातलं. ताडकन उठून बसली. "बाबा, चुकलं!" आठवडा लागला पटवायला. शेवटी रविवारी तिकीट काढून नेलं, फलाटावर उतरवून पाटी दाखवली. मग २०१८ ला एल्फिन्स्टनचं प्रभादेवी झालं. तोवर पाच वर्षांची होती, तिने ते साफ नाकारलं. आमच्या घरात अजून एल्फिन्स्टनच आहे.

शिटी_नको
पाटी दाखवायला नेलं :) :) बाप माणूस.

अर्धा_दिवस
सगळ्यांचं वाचतेय, पोर मांडीवर आहे म्हणून एका अंगठ्याने लिहिते. मोठीच्या वेळी १२ आठवडे रजा, त्यातले दोन आधीच गेले. अडीच महिन्यांचं बाळ सासूबाईंकडे देऊन लोकल पकडायचे, आणि दादरचा जिना चढताना छाती दाटून यायची, दोन्ही अर्थांनी. धाकटा २०१७ नंतरचा, तेव्हा २६ आठवडे मिळाले. रजेच्या शेवटी तो पालथा पडून, हसून वगैरे झाला होता. मोठीचं पहिलं हसू सासूबाईंनी पाहिलं, मी संध्याकाळी फोनवर ऐकलं. तिला हे माहीत नाही. सांगणार पण नाही.
उठला बहुतेक. नंतर येते.

बाथरूम_ऑफिस
आमचं लॉकडाऊनचं बाळ. एप्रिल २०२०. बारसं व्हिडिओ कॉलवर, आत्याचा "कुर्रर्र" अडकत अडकत आला. घर वन बीएचके, बायकोचीही मीटिंग, माझीही. माझं ऑफिस म्हणजे बाथरूम, लॅपटॉप वॉशिंग मशीनवर. बाळ पोटाला बांधलेलं, झोपलेलं. मी कुजबुजत प्रेझेंटेशन देत होतो. दहा मिनिटांनी लक्षात आलं की पलीकडून क्लायंटही कुजबुजतोय. मग मॅनेजरही. अख्खी मीटिंग कुजबुजत झाली, शेवटी क्लायंट हळूच म्हणाला, मुलगा की मुलगी?
त्यात वरच्या मजल्यावरच्याने फ्लश ओढला आणि सगळं मुसळ केरात.

निमूट_वाचक
पाळणाघराचं कोणी सांगेल का? पंतनगरच्या जवळपास चालेल.

डोंबिवलीकरीण
निमूट, माझी नणंद पंतनगरलाच असते, विचारून कळवते. एक सांगू? दुपारी दोन-तीनला, न सांगता एकदा जाऊन बघ. त्या वेळी पोरं कशी झोपली आहेत ते बघ. बाकी भिंतीवरची चित्रं वगैरे बघू नकोस.

निमूट_वाचक
हो ताई, थँक्यू. बुधवारी जाते.

मीठमोहर
गवती_चहा, पेंटर काय भाव घेतोय? आमच्याकडेही करायचंय. आणि नाचणी सत्त्व कोणी घरी करतं का अजून? मोड आणून, वाटून, गाळून. माझं दर वेळी खाली बसतच नाही.

आजी_ऑनलाइन
रात्रभर हलवू नका, निवळ बसते. वरचे पाणी हळूच ओता.

गवती_चहा
अपडेट. पेंटर बिडी ओढून आला. मी लेकाला फोन लावला, कडी काढू का विचारलं. तो म्हणाला, "कुठली कडी?" त्याला माहीतच नाही! वीस वर्षं त्याच खोलीत झोपला, कधी वर बघितलंच नाही. मग म्हणाला, "राहू दे, बॉक्सिंगची बॅग टांगीन." काय बोलायचं.
सासरे हॉलमध्ये बसलेत, ८४ चालू आहे. ऐकू कमी येतं. पण कडी म्हटल्यावर बरोबर ऐकलं आणि म्हणाले, "बॅग किती किलोची?" आता तांदूळ आणायला सांगतील.
पेंटरने कडीभोवती पुट्टी लावली, कडीला कागद गुंडाळून. मीठमोहर, भाव वेगळा मेसेज करते.

खिडकीतला
विरार_फास्ट, माटुंगा रोडनंतर माहीम गाळलंत.

विरार_फास्ट
अरे देवा.

शिटी_नको
मुलगी उठली असेल.

विरार_फास्ट
बाजूलाच आहे, सातवीत. तिने वाचलं, डोळे फिरवले आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही नेहमीच गाळायचात. मी झोपेत मनात घालून घ्यायचे."